ब्रेकरपुरती

सीवूड्सच्या सिंधुसागर सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर कुठल्या इंजिनिअरनं आखलेला नव्हता. तो सेक्रेटरी शहाजीराव मोहित्यांनी घातला. मोहिते साताऱ्याकडचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, आणि नियंत्रण करायला वाहतूक उरली नाही म्हणून सोसायटीत लक्ष घालू लागलेले. कोणाच्या तरी मुलाला कोणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागता लागता राहिला, एवढं निमित्त पुरलं. पाण्याच्या टाकीच्या कामातलं सिमेंट शिल्लक होतं. ते वाया जाऊ नये म्हणून सगळंच्या सगळं फाटकात ओतलं गेलं, आणि जो काही उंचवटा तयार झाला त्याला ब्रेकर म्हणायची पद्धत पडली.

संध्याकाळी या ब्रेकरच्या दोन्ही अंगांना, कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर, सोसायटीतली मंडळी बसत. खाडीकडून वारा येई, वाऱ्याबरोबर ओहोटीच्या चिखलाचा वास येई. सत्त्याण्णव साल होतं. पामबीच रस्ता अजून पुरा झाला नव्हता, आणि संध्याकाळी जाण्यासारखं दुसरं ठिकाण जवळपास नव्हतं, त्यामुळे लोकांच्या गाड्या घरी येताना बघणं हीच करमणूक होती. एखादी गाडी घासली की खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येई आणि भिंतीवरून मत व्यक्त होई.

जयप्रकाश सबनीसांची गाडी रोज घासायची.

सबनीस विमा कंपनीत मोटार-दाव्यांच्या विभागात होते. दाव्याच्या कागदावर ‘अचानक म्हैस आडवी आली’ असं लिहिलेलं असे. सबनीस गाडीभोवती एक चक्कर मारत आणि म्हैस नसून दारू होती, हे शांतपणे सांगत. माणूस खोटं बोलतो, पत्रा बोलत नाही, असं ते खात्यातल्या नव्या पोरांना शिकवत. त्यांची स्वतःची गाडी छोटी, दुधी रंगाची, पाच दारांची आणि सेकंडहँड होती. ती चांगली होती. फक्त पुढची सीट अपुरी पडते म्हणून बायको जयमाला मागच्या सीटवर डावीकडे बसली, की मागून खाली बसायची.

लग्नात तांदळात मुलीचं नवं नाव लिहायची पद्धत सबनीसांकडे होती. पण जयप्रकाशला जयमाला हे आधीपासूनच इतकं जुळत होतं, की भटजींनी तेवढा विधी गाळला. तेव्हा ती सडपातळ होती, असं अल्बम सांगे. पुढे थायरॉइड झालं, ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या, आणि सगळ्यांनी आपापली भर घातली. जयमालानं ते हसून घेतलं होतं. घरात रेक्झिनचा नवा सोफा आला. ती बसली की त्याच्या गादीतून ‘हुश्श’ असा लांब आवाज येई. “बघा, सोफासुद्धा दमला,” असं ती पाहुण्यांना आधीच सांगून टाकायची. पॅसेजमध्ये एक लादी सुटलेली होती. तिचा पाय पडला की ‘टक’ वाजायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ती कुठे आहे हे सबनीसांना पेपरमधून डोकं वर न काढता कळे.

“काय सबनीस, वहिनी बसल्यात वाटतं मागं!” गाडी घासली की भिंतीवरून मोहिते म्हणत. त्यात वाईट हेतू नसे. वाईट हेतू असता तर सबनीसांना उत्तर देता आलं असतं. ते नुसते हसत आणि कानांपर्यंत लाल होत.

एका संध्याकाळी त्यांनी फाटकाच्या अलीकडेच गाडी थांबवली.

“जरा उतरतेस का?” ते समोर बघत म्हणाले. “ब्रेकरपुरती.”

जयमालानं भिंतीवरच्या मंडळींकडे पाहिलं. मग आरशात दिसणाऱ्या नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं.

“हो की,” ती म्हणाली. “तेवढंच चालणं होईल.”

ती उतरली. गाडी मागून वर आली आणि न घासता आत गेली. भिंतीवरून काहीही मत आलं नाही. सबनीसांना इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली. लाज वाटली तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी तिथेच थांबवली. त्यानंतर विचारावं लागलं नाही. गाडी थांबली की दार उघडे, गाडी वर येई, दार लागे. जयमाला पर्स छातीशी धरून मागून चालत येई, आणि मोहिते उठून म्हणत, “या वहिनी, पायी पायी?” ती म्हणे, “डॉक्टरांनी सांगितलंय हो.” डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून सबनीस तिला घेऊन कळंबोलीला गेले.

लोखंडबाजाराच्या मागे, ट्रकांच्या रांगा संपतात तिथे कुंदन भोईरचं गॅरेज होतं. कुंदन खाडीकाठच्या गावातला. गावची जमीन शहरात गेली, बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर इमारत आली, आणि भाड्यावर घर चालायला लागल्यावर कुंदननं गॅरेज काढलं. तो त्याचा धंदा नव्हता, शौक होता. रॅलीत पळणाऱ्या गाड्यांचं सामान तो कुठून कुठून आणायचा आणि साध्यासुध्या कुटुंबवत्सल गाड्यांना बसवायचा. गळ्यात जाड साखळी होती. गाडीखाली शिरताना तो ती पाठीवर टाकायचा.

“हा रॅलीतला सस्पेन्शन हाय साहेब,” एक निळी स्प्रिंग आणि नळी हातात नाचवत तो म्हणाला. “हे आटे बघा. ही रिंग वर फिरवली का गारी वर. खाली फिरवली का गारी खाली. खालच्या रिंगनं लॉक करायची. तुमाला कुठं थांबायचा तिथं थांबा.”

टेप त्याच्याकडे होती, पण ती गिऱ्हाइकांना दाखवायला. खरं माप बोटांचं. टायर आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये तो बोटं आडवी घालून बघायचा. सबनीसांच्या गाडीत मागे तीन बोटं बसत होती.

“चार करू. मागं किती मानसं बसतात?”

सबनीसांनी वळून पाहिलं. जयमाला गॅरेजच्या दारात बाकावर उसाचा रस पीत बसली होती. बाक मधोमध वाकला होता. कुंदननंही तिकडे पाहिलं, आणि सबनीसांना वाटलं, त्याला कळलं.

“माणसं नाही फारशी,” ते म्हणाले. “सामान असतं.”

“किती सामान?”

“असतं बऱ्यापैकी.”

कुंदननं आकड्यासारखा एक पाना काढला, गाडी जॅकवर घेतली आणि रिंगा फिरवल्या. गाडी खाली उतरवून ती चार पावलं पुढे-मागे ढकलली. नाही ढकलली तर स्प्रिंग बसत नाही आणि माप खोटं येतं, असं त्यानं सांगितलं. मग बोटं घातली. चार.

जयमाला मागे बसली, पदर आत घेतला, दार ओढलं.

“सामान नीट बसलंय हो,” ती म्हणाली. “चला.”

खारघरच्या डोंगराशी सबनीसांनी आरसा नीट केला. “अगं, त्याला काय सांगत बसायचं, म्हणून आपलं—” असं त्यांनी सुरू केलं. “काय चुकीचं सांगितलंत?” ती म्हणाली आणि हसली. मग सीवूड्सपर्यंत ती काचेबाहेर बघत होती.

फाटकाशी सबनीस थांबले नाहीत, फक्त वेग कमी केला. चार बोटांवर गाडी सहज जाणार होती. पण मागून जयमाला म्हणाली, “थांबवा, उतरते.”

“आता गरज नाही.”

“असू दे. सवय झालीय.”

ती उतरली. दार लागल्याचा आवाज आला. सबनीसांनी क्लच सोडायला सुरुवात केली, आणि मग त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. ते काय हे कळायला थोडा वेळ लागला.

गाडी वर आली नव्हती.

ब्रेकरवर चढताना ती डावीकडे मागे घासली. लांब, सावकाश. रिकामी गाडी घासली तर काय म्हणायचं, याची तयारी भिंतीवर कोणाची नव्हती. शेवटी मोहित्यांनी जबाबदारी घेतली.

“सबनीस, वहिनी तर ह्या इथं हायत. मग आत कोण बसलंय?”

सगळे हसले. जयमालाही हसली.

पुढच्या रविवारी सबनीस एकटेच कुंदनकडे गेले. डावीकडे तीनच बोटं बसत होती, उजवीकडे चार. कुंदननं डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे घालून बघितली. तरी डावीकडे तीन. त्यानं मागची सीट उचकटून काढली. खाली एक केसांची पिन निघाली आणि अबोलीचा वाळून कागद झालेला गजरा.

“आन काय ठेवता हितं?”

“काही नाही.”

“सामान म्हनाला होता.”

“ते आता नसतं,” सबनीस म्हणाले.

कुंदननं रिंगा आणखी वर चढवल्या. गाडी मागून इतकी उंच झाली, की समोरून बघितलं तर मान खाली घालून उभी असल्यासारखी दिसे. सबनीसांना ते आवडलं नाही, पण घासली नसती तर चाललं असतं. चार दिवसांत डावी बाजू परत तीन बोटांवर आली. मग त्याहून खाली.

रोजचा नेम मात्र चालू होता. फाटकाशी गाडी थांबे, दार उघडे, जयमाला उतरे, दार लागे. गाडी हलत नसे.

मग ब्रेकरच्या डागडुजीची गोष्ट घडली. घासून घासून त्याचा कडेचा भाग उडाला होता. मोहित्यांनी एका दुपारी नवं सिमेंट टाकून घेतलं, मांजर जाऊ नये म्हणून विटा मांडल्या, आणि राखणीला स्वतः खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी सबनीसांची गाडी अलीकडे थांबली. जयमाला उतरली आणि सवयीनं सरळ चालू लागली.

“ओ वहिनी! ओलं हाय ते! ओलं!”

तोवर ती पलीकडे पोहोचलीही होती. “अगं बाई,” ती म्हणाली, “चुकलंच माझं.” मोहिते थापी घेऊन धावले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. सबनीसही गाडीतून उतरून बघायला आले. सिमेंट नुकतंच ओढलेलं होतं, वर पाण्याचा पातळ थर चमकत होता. त्यावर काही नव्हतं.

“वहिनींचा पाय लई हलका,” मोहिते म्हणाले. हे कौतुक आहे की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून सबनीस घरात लक्ष देऊन ऐकू लागले. जयमाला पॅसेजमधून आली आणि गेली. लादी वाजली नाही. ती सोफ्यावर बसली. सोफा काही बोलला नाही. सबनीसांनी चष्मा पुसून तिच्याकडे नीट पाहिलं. ती बारीक झाली नव्हती. ब्लाउजच्या बाह्या दंडात तशाच रुतत होत्या, बांगड्या काढायला साबण तसाच लागत होता. ती होती तेवढीच होती. फक्त तिच्याखालच्या वस्तूंना ते कळत नव्हतं.

“काय बघताय?” ती म्हणाली.

“काही नाही. बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय?” आणि मग, थोडं थांबून, “हल्ली गुडघे दुखत नाहीत बघा. अजिबात.”

तिला एकदा उचलून बघावं, असं सबनीसांच्या मनात आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रकार त्यांनी कधी केला नव्हता. ते उठलेसुद्धा. मग पाणी पिऊन परत बसले. जड जाईल याची त्यांना भीती नव्हती.

कुंदन त्यांना टाळायला लागला होता. रॅलीतल्या सस्पेन्शनची त्यानं गावभर तारीफ केली होती, आणि एकच गाडी त्याचं नाक कापत होती. अखेर त्यानंच निरोप पाठवला: ताईंना घेऊन या, वजनकाट्यावर घालू, गाडी खोटी का स्प्रिंग खोटी एकदा कळू दे.

कळंबोलीत लोखंडाचे ट्रक तोलायचा मोठा काटा होता. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी, शेजारी पत्र्याची केबिन, केबिनच्या खिडकीवर लाल आकडे. शनिवारची दुपार होती. पोलादाच्या कांबींवर ऊन असं पडलं होतं, की तिकडे बघवत नव्हतं. सबनीसांनी गाडी पाटीवर घेतली. आकडे पळाले आणि थांबले.

“ताई, तुमी उतरा जरा,” कुंदन म्हणाला.

जयमाला उतरली, पाटीवरून खाली आली.

आकडा तोच राहिला.

कुंदननं खिडकीच्या काचेवर टिचकी मारली. “साहेब, आता तुमी.”

सबनीस उतरले. आकडा लगेच खाली आला. सबनीसांचं जेवढं वजन, बरोबर तेवढा. म्हणजे काटा बिघडलेला नव्हता.

पलीकडच्या बाजूला कडुनिंबाची सावली होती. जयमाला तिकडे जायला निघाली, आणि पाटीवरून चालत गेली. तिघेही आकड्याकडे बघत होते: कुंदन, केबिनमधला माणूस आणि सबनीस. तिच्या मागोमाग एक खरजुलं कुत्रं पाटीवरून गेलं. कुत्र्याला आकडा हलला.

या गाडीचं रिकामं वजन किती असतं, हे सबनीसांना पाठ होतं. दाव्यांच्या कामात ते लागतं. त्यांनी ते मनातल्या मनात वजा केलं. जे उरलं, तो आकडा त्यांच्या ओळखीचा होता. दवाखान्यातल्या काट्यावर जयमाला ज्या आकड्याला बघून हसायची, तोच.

“माझं किती भरलं हो?” झाडाखालून तिनं विचारलं.

सबनीस चष्मा पुसू लागले. मग कुंदन म्हणाला, “काटा बिघडलाय, ताई.”

“बघा,” ती म्हणाली, “मी आले की काटासुद्धा बिघडतो.”

केबिनमधल्या माणसानं खिडकी लावून घेतली.

“मना नाय कलत साहेब,” गॅरेजमध्ये आल्यावर कुंदन हळू आवाजात म्हणाला. “पन मी काय आता ही गारी वर करनार नाय. खाली करतो. होती तशी. वर केली का तिला जागा होते.”

“कोणाला?”

कुंदननं साखळी पाठीवर टाकली आणि पाना उचलला. उजवी बाजू त्यानं झटपट केली. डावीकडे आल्यावर तो थांबला. जयमाला त्याच्यापासून दहा हातांवर बाकावर बसून रस पीत होती. बाक सरळ होता. कुंदननं तिकडे पाहिलं नाही. तो बंद गाडीच्या मागच्या काचेशी वाकला आणि आदबीनं म्हणाला, “ताई, जरा धक्का लागंल.”

मग त्यानं जॅक लावला.

परतताना सबनीसांनी मनाशी पक्कं केलं. त्यांच्या हिशेबानं यात गूढ काही नव्हतं. एक चूक झाली होती आणि ती उलटी फिरवायची होती, रिंगेसारखी. जिथे तिला उतरवलं, तिथून तिला बसवून न्यायचं. गाडी घासू दे. भिंत हसू दे. हसणं कानावर घेऊन तिला दारापर्यंत न्यायचं.

“आज उतरायचं नाही,” ते म्हणाले.

“बरं,” मागून जयमाला म्हणाली.

“कोणी काही म्हणू दे.”

“बरं हो.”

ते आरशात बघत होते. ती बसलेली दिसत होती, पर्स मांडीवर, काचेबाहेर नजर. बेलापूर गेलं. सीवूड्सचं वळण आलं. सोसायटीचं फाटक दिसलं. शनिवार असल्यामुळे भिंत भरलेली होती. बायकाही होत्या. मोहिते मधोमध उभे राहून कोणाला तरी कसलं तरी धोरण समजावत होते, आणि गाडी बघून ते बोलायचे थांबले. सगळ्यांनी माना वळवल्या.

सबनीसांनी गिअर बदलला. त्यासाठी गाडी किंचित थांबली. गिअरसाठीच थांबली, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी दात आवळून गाडी पुढे घातली.

एवढी ती कधीच घासली नव्हती. ‘खर्रर्र’ सुरू झालं आणि संपेचना. कोणीतरी टाळी वाजवली. “आरं बाबा, ब्रेकर काढून नेताय काय घरी!” मोहिते ओरडले. सबनीसांचे कान पेटले, डोळ्यांत पाणी आलं, पण पाय ॲक्सिलरेटरवरून हलला नाही. गाडी आत आली. त्यांनी ती जागेवर लावली, इंजिन बंद केलं. त्यांना हलकं वाटत होतं. पोरासारखं वाटत होतं.

“बघितलंस?” ते वळून म्हणाले.

मागे कोणी नव्हतं.

जयमाला फाटकातून चालत येत होती. पर्स छातीशी, नेहमीसारखी.

“उतरलीस कधी?”

“थांबलात ना तुम्ही ब्रेकरला.”

“मी गिअर बदलत होतो.”

“असेल,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सबनीसांना काही करता आलं असतं. “मला वाटलं, नेहमीसारखं. चहा टाकते, या वर.”

ती जिन्यात शिरली. जिन्यातून पावलांचा आवाज आला नाही.

सबनीस गाडीतून उतरले आणि मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले. काचेतून सीट दिसत होती. बाकी सीट गुळगुळीत होती. कडेची जागा खोल दबलेली होती.

त्यांनी टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घातली. दोन बसली.

ती तिथेच होती. निदान तिचं जे कोणाला नको होतं, ते सगळं तिथे होतं.

मग पत्रा हलला. अगदी थोडासा. खाली आला आणि त्यांच्या बोटांवर टेकला, दुखू न देता. आत कोणीतरी खिडकीकडे सरकून, बाहेर कोण आहे ते बघावं, तसा.

सबनीसांनी बोटं काढली नाहीत. पत्रा उन्हानं गरम होता.

“बस तू,” ते कुजबुजले. “उतरू नकोस. मी नेतो तुला. परत नेतो.”

पत्रा तसाच टेकून राहिला. ऐकत असल्यासारखा.

“सबनीस?”

मोहिते मागे येऊन उभे होते. त्यांच्यामागे भिंतीवरची मंडळी उठून आली होती, पंक्चर बघायला यावं तशी. बायका दोघी-तिघी मान तिरकी करून बघत होत्या.

“कुणाशी बोलताय?”

सबनीसांनी वर पाहिलं. सगळी तोंडं ओळखीची होती. सगळ्यांच्या ओठांवर हसू तयार होतं, फक्त सुरू व्हायचं होतं.

“कोणाशी नाही,” ते म्हणाले. “कोणी नाहीये हो आत.”

बोटांवरचा भार गेला.

गाडी मागून वर आली. सावकाश, शेवटपर्यंत वर आली. दार उघडलं नाही.

दोन बोटं होती तिथे तीन आली, चार आली, आणि मग सबनीसांचा सबंध तळवा त्या फटीत मोकळा राहिला.

“आता बघा,” मोहिते लांब उभे राहून, एक डोळा मिटून म्हणाले. “झाली की नाही गाडी सरळ? उगाच त्या कळंबोलीच्या चकरा मारल्या तुम्ही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी खरंच एका रेषेत उभी होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीसांच्या खिडकीतून चहा उतू गेल्याचा वास आला. थोड्या वेळानं तो करपल्याचा झाला. खालून दोघी-तिघींनी “वहिनी, ओ वहिनी, गॅस!” म्हणून हाका मारल्या. गॅस बंद करायला आत कोणी नव्हतं.